पहिला आकडा

विषयपत्रिकेवरचा सहावा विषय आत्याला एव्हाना तोंडपाठ झाला होता. ‘गेली दोन वर्षे “हितचिंतक” या नावाने जमा दाखवलेल्या रकमांबाबत मानद कोषाध्यक्षांनी सभेपुढे खुलासा करावा.’ कोषाध्यक्ष म्हणजे तीच. खाली सात सभासदांच्या सह्या. त्यातला टॉफीवाला तर परवाच जिन्यात भेटला होता आणि मोठ्या आपुलकीने तिच्या गुडघ्याची चौकशी करून गेला होता. कागद बहुतेक तेव्हा त्याच्या खिशातच असावा.

सभा चार वाजता होती. त्याआधी भावाकडे, दादाकडे, जेवण. वार्षिक सभेच्या दिवशी सगळ्या घराने एकत्र जेवायचं ही पद्धत तिच्या वडिलांनी, आप्पांनी घातलेली, आणि आप्पांनी घातलेली पद्धत मोडायची या घरात कोणाची छाती नव्हती. चॉकलेट उत्पादक संघ त्यांनीच काढला. संघाने नफा कमवायचा नाही, जमेल तेवढं सभासदांसाठी आणि कोको पिकवणाऱ्यांसाठी खर्च करायचं, हे त्यांचंच. आणि वर्गणीचा तो जगावेगळा नियमही त्यांचाच. ज्याने वर्षभरात जितके टन कोकोच्या बिया घेतल्या, त्याने दर टनामागे ठरलेल्या दराने तितकी वर्गणी द्यायची. पण किती टन घेतल्या ते कागदावर द्यायचं नाही. वार्षिक सभेत उभं राहायचं आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघून आकडा सांगायचा. बिलं मागायची नाहीत, पुरावा मागायचा नाही. “कागदावर कोणीही काहीही खरडेल,” आप्पा म्हणत. “चारचौघांत उभं राहून खोटं बोलायला जीभ रेटत नाही.” सगळ्यात जुन्या सभासदाने आधी सांगायचं, मग त्याच्यानंतरच्याने, असं शेवटपर्यंत. सगळ्यात जुना सभासद म्हणजे घरचा कारखाना.

गेली नऊ वर्षं वर्गणी घसरत होती. आधी शेतकऱ्यांना बिया आंबवायला शिकवणारी शिबिरं बंद पडली. मग संघाचं मासिक बंद पडलं. मग खोक्यांच्या दुकानावरच्या कार्यालयाच्या दोन खोल्यांपैकी एक खोली सोडली. दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या दोघांचे पगार थकले, तेव्हा कोणीतरी हितचिंतक उभा राहिला. सभासदांना आता त्या हितचिंतकाचं नाव हवं होतं, आणि त्यांना नक्की काय वाटतंय ते आत्याला जिन्यातल्या गप्प होणाऱ्या बोलण्यांवरून कळत होतं. बाईने इकडचे पैसे तिकडे केले असणार. एकटी बाई, ना मूल ना बाळ, हिशेब तिच्या हातात. अठ्ठावीस वर्षं बिनपगारी काम करून शेवटी हे ऐकायचं.

जेवणाच्या टेबलावर वहिनीने नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी आप्पांचं ताट वाढलं. आप्पांना सत्त्याऐंशीवं चालू होतं. कानातलं यंत्र त्यांनी जेवताना काढून पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवलं होतं.

“नाव सांगून टाक ना छबू,” दादा म्हणाला. आत्याला छबू म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता. “कोण आहे तो तुझा हितचिंतक? नाव सांगितलं की विषय संपला.”

“नाव सांगितलं की विषय सुरू होईल.”

“म्हणजे?”

“म्हणजे मग विचारतील, की बाहेरून पैसे आणायची वेळच का आली? चौतीस सभासद, त्यातल्या निम्म्यांनी नवीन यंत्रं घेतली, दुकानांवर रांगा आहेत, आणि वर्गणी कमी का होते? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी सांगितलेला आकडा लिहिते, बस.”

वहिनीने भाजीचा डाव जरा जोरात भांड्यात टाकला. दादा पाणी प्यायला.

“बाहेरच्या एखाद्या मोठ्या कंपनीचे असतील तर मात्र कठीण आहे हं,” वहिनी म्हणाली. “लोक म्हणतील, संघ विकला.”

“कोण म्हणतंय, वहिनी? तुम्ही कोणाकडून ऐकलंत?”

“मी कशाला ऐकायला जाऊ! आपलं सहज म्हटलं.”

आत्याचा संताप नेहमी असाच यायचा, उशिरा आणि सगळा एकदम. तिने ताट पुढे सरकवलं.

“कंपनी नाही आणि फिंपनी नाही. ते पैसे माझे आहेत. मुदत ठेव मोडली. एक आधी मोडली, मग दुसरी. झालं समाधान?”

आप्पा शांतपणे जेवत होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मनूचा घास हातातच राहिला. मनू दादाची मुलगी. संघाच्या प्रयोगशाळेत बिया तपासायचं काम ती चार वर्षं करत होती, आणि घरच्या कारखान्यात न जाता संघाच्या तुटपुंज्या पगारावर काम करते म्हणून वहिनीचे टोमणेही चार वर्षं खात होती.

“म्हणजे दोन वर्षं माझा पगार तू देत होतीस?” मनूने विचारलं.

“संघ देत होता.”

“आत्या.”

“जेव तू.”

“मी त्यातून नवीन चपला घेतल्या,” मनू म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही. “तुला दाखवायलासुद्धा आणल्या होत्या.” ती उठली आणि हात धुवायला गेली. तिकडे बराच वेळ नळ चालू राहिला.

*

जेवण झाल्यावर आप्पा आडवे झाले आणि दादा आतल्या खोलीत गेला. सभेला घालायचा कोट वहिनीने पलंगावर काढून ठेवला होता. दादाने तो उचलला आणि पुन्हा ठेवला.

“तुम्हाला माहीत होतं?” वहिनीने दार लोटत विचारलं.

“तिच्या ठेवीचं? मला काय स्वप्न पडलं होतं?”

“म्हातारपणाची पुंजी हो त्यांची. कारखान्यातला वाटासुद्धा घेतला नाही त्यांनी. म्हणाल्या, मी संघाचं बघते, मला तिकडे यायला नको आणि तिकडचं काही विचारायला नको.” वहिनी पलंगाच्या कडेवर बसली. मघाशी आपण संघ विकल्याचं बोललो ते आठवून तिचं तोंड कडू झालं होतं. टॉफीवाल्याच्या बायकोचं ते वाक्य तिने जसंच्या तसं उचललं होतं. “आज किती सांगणार आहात?”

“ब्याण्णव.”

“आणि घेतल्या किती?”

“तुला माहीत आहे किती घेतल्या. वह्या तूच लिहितेस.”

“दोनशे दहा. मी लिहिते म्हणूनच विचारतेय. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

दादा खिडकीशी गेला. खाली कारखान्याच्या फाटकात बियांचा ट्रक उलटा लागत होता आणि हमाल ‘येऊ दे, येऊ दे’ करत होता. रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्या कोणालाही दिसेल असा भर दुपारी उभा होता तो ट्रक. आठ वर्षं हे असंच चाललं होतं. सभागृहातल्या एकूणएक माणसाला ब्याण्णव हा आकडा खोटा आहे हे कळत होतं, आणि दादाला त्यांना कळतंय हे कळत होतं. कोणी हूं की चूं केलं नव्हतं. पहिल्या सभासदाने, संघ काढणाऱ्याच्या मुलाने, नव्वदच्या आसपास सांगितल्यावर दुसऱ्याने शंभर कसे सांगायचे? त्याचा कारखाना तर याच्या निम्मा. म्हणून दुसऱ्याने चाळीस सांगितले. मग तिसऱ्याने पंचवीस. जो तो आपल्या आधीच्याला बघून आपला आकडा आवळायचा. अळीमिळी गुपचिळी. आणि टेबलाशी बसून छबू खाली मान घालून सगळे आकडे सुवाच्य अक्षरात लिहायची.

“दोनशे दहा सांगून टाका आज,” वहिनी म्हणाली.

“आणि मग लोक विचारतील, एका वर्षात दुप्पट कसे झाले.”

“विचारू देत.”

“मग मागे जातील. एकेक वर्ष मागे जातील. आणि मागे जात जात कुठे पोचतील ते तुला ठाऊक आहे.” दादाने दाराकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीत आप्पा घोरत होते. “पहिल्या वर्षी मी नव्हतो सांगायला. ते होते.”

वहिनीला ठाऊक होतं. बिया भाजायच्या नवीन यंत्राचं कर्ज, यंत्र तीन महिन्यांत बंद पडलेलं, आणि कामगारांचे पगार द्यायला दादा दारोदार हिंडत होता ते वर्ष. त्या वर्षी घेतल्या होत्या एकशेऐंशी टन. सभेत आप्पा उभे राहिले, मुलाकडे एकदा पाहिलं आणि ‘नव्वद’ म्हणाले. दादाने त्यांना काही सुचवलं नव्हतं. पुढच्या वर्षी आप्पा म्हणाले, आता तू सांगत जा. झालं. दिवस पालटले, कर्ज फिटलं, यंत्रं वाढली. पण खरा आकडा सांगितला तर तो बापाला खोटं पाडेल, म्हणून दादा नव्वदाच्या आगेमागेच घुटमळत राहिला. वडिलांसाठी, असं तो स्वतःला सांगायचा. वाचलेली वर्गणी मात्र कारखान्यात जिरत होती. तेवढं तो स्वतःला सांगत नसे.

“त्यांना या वयात सगळ्यांसमोर उघडं पाडू?” दादाने विचारलं.

“आणि ताईंना पाडलेलं चालेल?”

दादाने कोट घातला. बटणं एक घर चुकून लागली, आणि बायकोने ते पाहिलं याची त्याला लाज वाटली.

*

मनू आत्याला घेऊन तीन वाजताच निघाली. संघाचं कार्यालय होतं त्या इमारतीच्या मागेच सभागृह होतं. पण मनू सभागृहाकडे न वळता जिन्यावरून प्रयोगशाळेपाशी गेली आणि तिने कुलूप काढलं.

“मी इथूनच परत फिरते,” आत्या उंबऱ्याबाहेर थांबली. “कार्यालयाच्या माणसाने प्रयोगशाळेत यायचं नाही.”

हाही आप्पांचाच नियम. सभासदाने प्रत्येक खेपेच्या बिया तपासायला पाठवायच्या, आणि कोणाचा माल कसा आहे, किती आहे, हे प्रयोगशाळेने कार्यालयाला कळू द्यायचं नाही. नाहीतर खराब मालवाले तपासायला पाठवणारच नाहीत. अठ्ठावीस वर्षांत आत्याने हा उंबरा ओलांडला नव्हता, आणि याचा तिला फार अभिमान होता. नवीन सभासद आला की ती हे त्याला आवर्जून सांगायची.

“मी तुला काहीही सांगणार नाहीये,” मनू म्हणाली. “मला तेवढ्या बरण्या पुसून हव्यात. धूळ बसलीये. मदत कर.”

“आत्ता? सभेच्या आधी?”

“आत्ताच.”

भाचीचा चेहरा बघून आत्या आत आली. खोली लहान होती. कापलेल्या बियांचा आंबूस वास भिंतींना लागला होता. टेबलावर पन्नास खाचांची लाकडी फळी होती आणि प्रत्येक खाचेत उभी कापलेली एकेक बी. काही आतून छान तपकिरी, काही अजून जांभळट. जांभळ्या बिया नीट आंबलेल्या नसतात, एवढं आत्याला माहीत होतं. भिंतीला लागून जमिनीपासून छतापर्यंत फळ्या होत्या. तपासलेल्या प्रत्येक खेपेतल्या मूठभर बिया वर्षभर काचेच्या बरणीत राखून ठेवतात. बरणीवर सभासदाचा क्रमांक आणि तारीख, बाकी काही नाही.

मनूने तिच्या हातात फडकं दिलं आणि वरच्या रांगेकडे बोट केलं. आत्याने पहिली बरणी पुसली. एक नंबर. दुसरी पुसली. एक नंबर. क्रमांक तिनेच दिलेले होते, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, नोंदवहीत स्वतःच्या अक्षरात, आणि एक नंबर म्हणजे घरचा कारखाना. दहावी बरणी पुसेपर्यंत तिला कळलं की मनूने तिला इथे कशाला आणलंय. तरी ती पुसत राहिली. वरची रांग संपली, खालची लागली. बेचाळीस बरण्या झाल्या. एका खेपेत पाच टन, हे चॉकलेटच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं.

“यातल्या फुटल्या तर नाहीत ना?” मनूने पाठीमागून विचारलं. “मी चार वर्षं बरण्या लावतेय. सभेला मात्र कधी आले नाही मी. आकडा काय सांगतात ते मला ठाऊक नव्हतं, आत्या. मागच्या महिन्यात तू घरी ताळेबंद विसरलीस तेव्हा वाचला. मग मला झोप नाही लागली. तुला सांगावं तर नियम, बाबांना विचारावं तर ते बाबा.”

आत्या खुर्चीवर बसली. हातातलं फडकं काळं झालं होतं. दादाच्या फाटकातला ट्रक तिनेही पाहिला होता. रात्रपाळीचे दिवे पाहिले होते. वहिनीच्या अंगावरचं सोनं, दुसरी गाडी, मागची नवी इमारत, सगळं पाहिलं होतं. कारखान्यातलं काही विचारायचं नाही हे तिने ठरवलं होतं, आणि त्या न विचारण्याला ती इतकी वर्षं स्वतःचा मोठेपणा समजत आली होती. तिला कळत होतं. तिने कळून घेतलं नव्हतं. आणि सभागृहात तेहतीस माणसं तिच्याकडे बघून काय समजत असतील? भावाने खोटं सांगायचं आणि बहिणीने लिहायचं. बरोबरच आहे त्यांचं. हिला सगळं माहीत नसेल हे कोणाला खरं वाटेल?

“तोंड धू,” ती मनूला म्हणाली. “आणि आज सभेला ये. मागे बस.”

*

सभागृहात पंखे चालू होते तरी उकडत होतं. आप्पांना पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं होतं. वहिनीने त्यांच्या कानात यंत्र नीट बसवलं. अध्यक्षांनी सगळ्यांचं स्वागत केलं, मागच्या सभेचं टिपण वाचून झालं, आणि आकडे सांगायची वेळ आली.

दादा उभा राहिला. आकडा सांगताना समोर बघायचं असा नियम. पण गेली आठ वर्षं तो समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सांगत आला होता. ब्याण्णव ओठांवर तयार होते. एवढ्यात त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं. छबू दरवर्षी लेखणी टेकवून खाली मान घालून बसलेली असायची. आज ती सरळ त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. राग असता तर त्याने निभावून नेलं असतं. लहानपणी त्याने शाळेत मार खाल्ला की ती अशीच बघायची, आपल्यालाच मार बसल्यासारखी.

“दोनशे दहा,” दादा म्हणाला.

सभागृहात एक खुर्ची करकरली. मग पंख्यांचा आवाज मोठा वाटायला लागला. टॉफीवाल्याने शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याने छताकडे.

दादा बसायला लागला.

“थांबा,” आत्या म्हणाली. सभेत ती भावालाही अहोजाहो करायची. “मागच्या वर्षी किती होते?”

“असं विचारायची पद्धत नाही,” अध्यक्ष चाचरत म्हणाले.

“नाहीच आहे. म्हणून मी इतकी वर्षं विचारलं नाही. सहाव्या विषयात तुम्ही मला खुलासा मागितलाय ना? तोच करतेय. हितचिंतक मी आहे, ठेवीच्या पावत्या इथे ठेवल्यात, कोणीही बघा. पण तो अर्धाच खुलासा झाला. पैसे कमी का पडले, हा उरलेला अर्धा. मागच्या वर्षी, दादा?”

“दोनशे पाच. सांगितले होते एक्याण्णव.”

“त्याच्या आधी?”

तो सांगत गेला. ती लिहीत गेली. खरा आकडा आणि त्यापुढे सांगितलेला. एकेक वर्ष मागे जाताना दादाचा आवाज बसत चालला, मान खाली गेली, पण तो थांबला नाही. कोटाच्या आत तो घामाने निथळत होता. आठवं वर्ष झालं.

“आणि त्याच्या आधी?” आत्याने विचारलं. तिला काही संशय नव्हता. वर्गणी घसरली त्याला नऊ वर्षं झाली होती, म्हणून ती नववं विचारत होती, एवढंच.

वहिनीने डोळे मिटून घेतले.

“त्याच्या आधी सगळं बरोबर होतं,” दादा म्हणाला. “खोटं मी सुरू केलं.”

पहिल्या रांगेत काठी आपटली. आप्पा उठायचा प्रयत्न करत होते. वहिनी सावरायला गेली तर त्यांनी तिचा हात झिडकारला. उभे राहिले, श्वास घेतला, आणि नियमाप्रमाणे वळून सभागृहाकडे तोंड केलं.

“तो खोटं बोलतोय,” ते म्हणाले. म्हाताऱ्याचा आवाज अजून खणखणीत होता. “त्या वर्षी एकशेऐंशी होते. मी नव्वद सांगितले. या एका वर्षापुरते, असं मनाशी म्हटलं होतं. पोरगं बुडत होतं माझं. तुमच्याकडे वर्गणी माफ करा म्हणून मागायला तोंड उघडलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं नसतंत. मला मागायची लाज वाटली. खोटं बोलायची नाही वाटली.” त्यांनी मुलीकडे पाहिलं. “लिही.”

आत्याला समोरचं पान दिसेना. तिने डोळे पुसले आणि लिहिलं. एकशेऐंशी. त्यापुढे नव्वद. या बापाच्या शब्दावर तिने लग्न, घर, कारखान्यातला वाटा, सगळं ओवाळून टाकलं होतं. त्याच्या नियमांची राखण करण्यात तिचे केस पांढरे झाले होते. आणि आप्पा उभे होते तिथे असे वाकलेले, की त्यांच्यावर रागावताही येईना.

“बसा आप्पा,” ती म्हणाली.

“तू म्हणतेस म्हणून बसतो.”

मग दोन नंबरचा सभासद उठला. हा बिस्किटांना चॉकलेट लावून विकणारा, अंगाने दांडगा माणूस. त्याने घसा खाकरला. “एकशे दहा,” तो म्हणाला आणि आपणहूनच पुढे बोलला, “मागचे पण देतो. वेळ द्या जरा. घरी बघावे लागतील.” त्याच्यानंतरचा उठला. पंचवीसचे सत्तर झाले. मग त्याच्यानंतरचा. टॉफीवाला उठला तेव्हा त्याने आत्याकडे न बघता आकडा सांगितला, आणि सहाव्या विषयावरची आपली सही मागे घेतो असं इतक्या हळू म्हणाला की अध्यक्षांना दोनदा विचारावं लागलं. कोणी कोणाला हसलं नाही, कोणी कोणाला टोचलं नाही. एकेक जण उठत होता, बोलत होता आणि लहान होऊन खाली बसत होता. आत्या लिहीत होती. इतक्या आकड्यांत प्रयोगशाळा चालेल, शिबिरं पुन्हा सुरू होतील, सोडलेली खोलीही परत घेता येईल. उद्या उजळ माथ्याने जिना चढता येईल. घरचं जे व्हायचं ते झालंच. पण निदान आपलं नाव तरी धुऊन निघालं, असं तिच्या मनात आलं आणि तिची पाठ जरा ताठ झाली.

शेवटचा नंबर चौतीस. मागच्या रांगेत मनूच्या शेजारून एक बाई उठली. ही आपल्या स्वयंपाकघरात दोन शेगड्यांवर चॉकलेट करायची आणि शाळेच्या फाटकाशी विकायची. सभेत तिचा आवाज कोणी फारसा ऐकला नव्हता.

“अर्धा टन,” ती म्हणाली.

आत्याने लेखणी टेकवली. “आणि मागच्या वर्षी?”

“तेवढेच.”

“त्याच्या आधी?”

“तेवढेच हो, आत्या. दरवर्षी तेवढेच होतात माझे. तुम्ही लिहून घेता ना.”

आत्याने वहीची मागची पानं उलटली. एकेकाचा आकडा कधी ना कधी आक्रसला होता. तळाच्या ओळीत नऊच्या नऊ वर्षं अर्धा टन होता. या बाईने कोणाला बघून आपला आकडा आवळला नव्हता. आणि गेल्या वर्षी हिची वर्गणी तीन आठवडे उशिरा आली होती, तेव्हा संघाच्या शिस्तीला धरून आत्यानेच हिला कडक पत्र धाडलं होतं. ‘आपल्यासारख्यांच्या बेफिकिरीमुळे संघ अडचणीत येतो.’ ते वाक्य तिने दोनदा खोडून पुन्हा लिहिलं होतं, जास्त बोचावं म्हणून. आत्याचे कान तापले. समोर दादा बसला होता, आप्पा बसले होते, आणि या क्षणी त्या दोघांपेक्षा आपण बऱ्या आहोत असं तिला काही केल्या वाटेना.

बाई अजून उभीच होती. तिने पर्स उघडून घड्या घातलेल्या नोटा काढल्या होत्या.

“सभा संपल्यावर लगेच पावती द्याल का?” तिने विचारलं. “मी पैसे बरोबरच आणलेत. यंदा माझ्यामुळे उशीर नको.”